रेवाच्या बाटलीतलं पाणी

डॉक्टर मुरकुट्यांनी रेवाला खिडकीपाशी नेलं, अंगठ्याने तिची खालची पापणी जराशी ओढली आणि म्हणाले, "हं. झाले डोळे पांढरे. गेली कावीळ."

मीही वाकून बघितलं. ट्यूबच्या उजेडात कधी बघायचं नाही, उन्हाच्या उजेडात बघायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून ऊन दिसलं की मी पोरीची पापणी ओढत होते. ती वैतागून जायची.

"आ कर, राणी."

रेवाने आ केला. अडीच वर्षांची पोर. माझ्या हातून वरणभाताचा एक घास घ्यायला सगळं घर फिरवायची, पण डॉक्टरांनी नुसतं 'आ' म्हटलं की चिमणीच्या पिलासारखी चोच उघडायची. टॉर्च बंद झाला की लिमलेटची गोळी मिळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला. आंबेसरमधल्या प्रत्येक आईला हा आवाज माहीत होता. मोठ्या आवाजात ते विनोद करायचे, आणि खरं काय ते या आवाजात सांगायचे.

"पाणी उकळूनच देताय ना? नळाचं थेंबभरही नको. आणि आंघोळ घालताना ओठ मिटायला शिकवा तिला. तुमच्या भागात जरा..." पुढचं त्यांनी गिळलं.

"आमच्या भागात काय, डॉक्टर?"

"काळजी घेतलेली बरी, एवढंच."

"तो पाइप कधी बदलणार? गटाराच्या चरातूनच टाकलाय. कुठे फुटलाय कुणाला माहीत, सकाळचं पहिलं पाणी अजून वास मारतं."

डॉक्टरांनी पेन भिंतीकडे रोखलं. तिथे लसीकरणाच्या तक्त्याशेजारी त्यांचंच पोस्टर होतं. हात जोडलेले डॉक्टर, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'बेताने वाढू, नीट वाढू! नगराध्यक्षपदासाठी पुन्हा एकदा डॉ. श्रीनिवास मुरकुटे.'

"मी आत्ता डॉक्टर आहे, रेवाची आई. पाइपाचं त्यांना विचारा."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. कंपाउंडर हसला. मीही हसले. आंबेसरमध्ये लहान मुलांचा डॉक्टर एकच होता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. रेवा पाचवीत आहे. पण 'जबाबदार विकास' हे दोन शब्द एकत्र ऐकले की माझ्या तोंडाला अजून चव येते, आणि ती चांगली नसते.

त्या निवडणुकीत डॉक्टरांचा सगळा प्रचार या दोन शब्दांवर चालला होता. समोर जगदाळे हॉटेलवाला होता. तो मॉल आणतो म्हणत होता, सात मजली इमारती आणतो म्हणत होता. डॉक्टर त्यावर सभेत म्हणायचे, "बाळ एकदम फुगलं की आई खूश होते. पण डॉक्टर काळजीत पडतो. शहराचंही तसंच आहे, माझ्या बहिणींनो." बायका माना डोलवायच्या. गेली पाच वर्षं या बाळाला चमच्याने भरवत कोण बसलं होतं, ते कुणी विचारायचं नाही. हायवेच्या बाजूला गाव जे पसरलं, ज्याला कागदोपत्री 'वाढीव हद्द' म्हणतात, ते याच माणसाच्या सहीने पसरलं. आधी इमारतींना परवानग्या दिल्या, मग रस्त्याचं बघू म्हणाले, गटाराचं त्याहून नंतर. पाणी तर 'तात्पुरतं' म्हणून गटाराच्या चरातून ओढलं होतं. आमची मृण्मयी रेसिडेन्सी तिथलीच. दारात लिहिलेलं, 'निसर्गाच्या कुशीत'. कूस होती खरी, गटाराची.

मंगळवारी त्यांची प्रचारफेरी आमच्या बिल्डिंगमध्ये आली. मी रेवाला कडेवर घेऊन वरच्या जिन्यात उभी राहिले आणि बघत होते.

फेरीत औक्षणाचं तबक त्यांचंच असतं. निरांजन त्यांचं, कुंकू त्यांचं. दोन कार्यकर्त्या ते घेऊन पुढे चालतात. बेल वाजवायची, घरातल्या बाईच्या हातात तबक द्यायचं, तिने ओवाळायचं, मोबाइलवर चित्रण झालं की तबक काढून घेऊन पुढच्या दाराशी. आमच्या खालच्या साठेबाईंच्या हाताला कणीक होती. ती पुसायलाही त्यांना वेळ दिला नाही.

ओवाळल्यावर प्रत्येक घरातून पाणी यायचं. दारात आलेल्याला पाणी विचारायचं नाही, असं अजून आमच्याकडे होत नाही. डॉक्टर पेला घ्यायचे, ओठाला लावायचे, "वा! वा!" म्हणायचे आणि पेला मागे द्यायचे. मागे राजाभाऊ टेमघरे असायचे. पूर्वी बिल्डर, आता साहेबांचा उजवा हात. ते पेला हळूच पायरीवर ठेवून द्यायचे.

मी डॉक्टरांच्या गळ्याकडे बघत होते. पोर औषध गिळतंय की गालात धरून बसलंय, हे जिला रोज बघावं लागतं, तिला मोठ्या माणसाची घाटी हलली की नाही ते लगेच कळतं. एकाही दारात हलली नाही. फेरी वर चढत होती आणि तिच्या मागे पायऱ्यांवर भरलेले पेले उरत होते.

आमच्या दारात मी ओवाळलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी पेला घेतला आणि त्यांचा तो खालचा आवाज आला.

"उकळलेलं?"

"हो."

सगळा पेला प्यायले. घटाघट. फिरून दमले होते बिचारे. मिशी पुसली, रिकामा पेला मोबाइलसमोर उंच धरला आणि आवाज एकदम वर नेला.

"हे बघा! वाढीव हद्दीतलं पाणी! मृण्मयी रेसिडेन्सीतलं! विरोधक म्हणतात दूषित आहे. मी डॉक्टर आहे, मी पिऊन दाखवलं!"

टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, "अहो, पण ते—"

"चला, चला, वरचा मजला," राजाभाऊ म्हणाले, आणि तबक माझ्या हातातून गेलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. दुसऱ्या दिवशी समोरच्या कुंदाताई साबळे नातवाला घेऊन आल्या. चिकू रेवाच्याच वयाचा. दोघं दिवसभर एकमेकांच्या घरात, एकमेकांच्या ताटात.

"काय गं, साहेब तुझ्याच दारात प्यायले की! आमची सूनबाई उगीच गॅस जाळत होती. मी बंद करायला लावलं."

"कुंदाताई, ते उकळलेलं होतं."

"असू दे गं."

"असू दे काय? मी स्वतः उकळलेलं. त्यांनी मला विचारून घेतलं आधी."

"आणि मग सगळ्यांसमोर खोटं बोलले म्हणतेस? डॉक्टर आहे तो माणूस." कुंदाताईंनी चिकूचं नाक पुसलं. "तुला ना, त्या काविळीनंतर सगळीकडे पिवळंच दिसायला लागलंय."

चिकू रेवाच्या भातुकलीतल्या कपातून पाणी पीत होता. त्याच्याच घरून आणलेलं. त्याने कप रेवापुढे धरला. मी तो हिसकावून घेतला. दोघंही रडायला लागली, आणि कुंदाताई नातवाला उचलून गेल्या.

मला त्या दिवशी कळलं की मी उकळलेलं पाणी अख्ख्या बिल्डिंगची पातेली गॅसवरून उतरवत होतं. पाणी माझं, आणि तोंड डॉक्टरांचं.

शनिवारी राजाभाऊ आले. चपला घालून थेट हॉलमध्ये.

"वहिनी, उद्या मोकळ्या प्लॉटवर सभा आहे. साहेबांनी खास निरोप दिलाय. रेवाला घेऊन स्टेजवर यायचं. पोरगी बरी झाली, एवढंच बोला. आणि तिची ती बदकाची बाटली आहे ना, ती गळ्यात असू द्या. साहेब त्यातलंच पाणी पिऊन दाखवतील. तो व्हिडिओ फार चाललाय."

"तुमची बिसलेरी आणा की."

"छे, छे. घरगुती पाहिजे. लोकांना घरगुती आवडतं." दारापाशी जाऊन ते वळले, एक डोळा मिचकावला. "आणि पाणी नेहमीसारखं हं, वहिनी. साहेबांच्या तब्येतीचं बघावं लागतं."

सुमेध, माझा नवरा, आत पेपर वाचत होता. म्हणजे पेपर धरून ऐकत होता.

"जा ना," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. उद्या पोरीला ताप आला तर त्यांच्याच दारात उभं राहायचंय आपल्याला. दुसरा डॉक्टर जिल्ह्याला."

"आणि चिकू?"

"चिकूला त्याची माणसं आहेत."

"ती माणसं माझा व्हिडिओ बघून त्याला नळाचं पाजतायत, सुमेध."

"मग तू काय करणार आहेस?"

"जाणार आहे," मी म्हटलं. "बोलावलंय ना."

रविवारी दुपारी मी बदकाची बाटली घासली, भरली, झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवली. रेवाची दुसरी, साधी बाटली भरून पिशवीत तळाशी घातली. सुमेध म्हणाला, "दोन कशाला?" मी म्हटलं, "लागते."

मोकळ्या प्लॉटवर बागेचं आरक्षण होतं. पाच वर्षांत तिथे दर वर्षी बागेचं भूमिपूजन व्हायचं, आणि फुटलेल्या नारळांच्या करवंट्या सोडल्या तर तिथे काही उगवलं नव्हतं. आज तिथे मांडव होता. पुढच्या रांगांत बायका बसवल्या होत्या. दुसऱ्या रांगेत कुंदाताई, मांडीवर चिकू. त्यांच्या शेजारी सूनबाई.

बाळ फुगण्याची गोष्ट झाली. बायकांनी माना डोलवल्या. मग डॉक्टर म्हणाले, "आता माझी एक छोटी पेशंट आणि तिच्या उच्चशिक्षित मातोश्री!"

मी स्टेजवर गेले. रेवाच्या गळ्यात बदकाची बाटली. माझ्या हातात माइक आला.

"रेवाला कावीळ झाली होती," मी म्हटलं. "आता ती बरी आहे."

ते वाट बघत होते. मी थांबले.

"लाजतात," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कॉलरला वेगळा माइक होता. "पण आयांनो, बरी कशी झाली? औषधाने झालीच. पण आपल्या वाढीव हद्दीच्या पाण्यानेही झाली! आणि कोण म्हणतं हे पाणी वाईट?"

त्यांनी स्वतःच्या हाताने रेवाच्या डोक्यावरून पट्टा काढला. रेवा म्हणाली, "माझी." लोक हसले.

झाकण उघडताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. कॉलरला माइक असल्यामुळे विचारता येत नव्हतं. भुवया नुसत्या थोड्या वर गेल्या. मी रेवाच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली.

त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. लेकराच्या बाटलीत न उकळलेलं पाणी भरणारी बाई मी नव्हे, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या एका विश्वासावर तो माणूस स्टेजवर उभा होता. माझ्या धास्तीवर.

ते प्यायले. मी घाटीकडे बघत होते. हलली. पुन्हा हलली. चांगले मोठे घोट. "आहाहा!" म्हणाले. टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले.

पुढे काय बोलायचं ते मी घरी आरशासमोर पाठ केलं होतं. 'डॉक्टर, हे आमच्या नळाचं पाणी आहे, आता रात्री कोणतं औषध घेणार ते या बायकांनाही सांगा.' चांगलं वाक्य होतं. मी माइक तोंडाशी नेला.

पण डॉक्टर वाकले होते. रेवासमोर, एक गुडघा टेकून, बाटली तिच्या तोंडाशी.

"आणि आता, आपल्या वाढीव हद्दीचं भविष्य! आ कर, राणी."

रेवाने आ केला.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळा विचार केला होता, त्याच्या घशाचा, त्याच्या पोटाचा. ही पोर त्याच्या एका शब्दावर तोंड उघडते, हे मी विसरले.

"नको!" मी ओरडले. "नळाचं आहे ते!"

दोन्ही माइकांनी ते हायवेपर्यंत नेलं. मी रेवाच्या तोंडावर तळवा दाबला. पण माझा हात पोचायच्या आधीच डॉक्टरांचा हात मागे गेला होता. चटका बसल्यासारखा. पाणी त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर सांडलं. विचार करून केलेलं ते नव्हतंच. इतकी वर्षं लेकरं तपासलेला हात, तो आपला आपणच मागे झाला.

त्यांनी बाटलीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे. तोंड पुसायला हात वर नेला आणि तो तसाच राहिला, कारण सगळे बघत होते.

रेवा रडत होती, "माझी बाटली."

मग दुसऱ्या रांगेत कुंदाताई उभ्या राहिल्या, चिकूला कमरेवर घेऊन.

"अहो डॉक्टर, थांबलात का?" त्या म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नसे. "पाजा की! चांगलंय ना पाणी? मी या पोराला तुमचा व्हिडिओ बघून पाजतेय."

कुणीतरी हसलं. सूनबाईने चिकूला सासूच्या कमरेवरून ओढून घेतलं आणि ती मांडवातून चालू लागली. तिच्या मागे आणखी दोघीतिघी उठल्या. तेवढ्यात स्पीकरवर प्रचाराचं गाणं लागलं, इतकं मोठ्याने की कर्णे फाटायला आले.

राजाभाऊंनी माझं कोपर धरून मला पायऱ्यांवरून खाली आणलं. "हे बरं नाही केलंत, वहिनी. मी सांगितलं होतं, नेहमीसारखं आणा."

"नेहमीसारखंच आहे, राजाभाऊ," मी म्हटलं. "नळाला येतं, तस्संच."

घरी जाताना सुमेध रेवाला घेऊन पुढे चालत होता. कुंदाताई आमच्या बरोबरीने चालत होत्या. दारापाशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोठं पातेलं आहे का गं तुझ्याकडे? आमचं लहान पडतं."

त्या संध्याकाळी मला वाटलं, संपला हा माणूस. सगळ्यांनी बघितलं. हात मागे गेलेला गावाने बघितला.

सकाळी चौकात नवं बॅनर होतं. तोच क्षण. गुडघा टेकलेले डॉक्टर, मागे खेचलेला हात, शर्टावर पाणी. मला कापून टाकलेलं, माझा फक्त तळवा रेवाच्या तोंडावर, आणि तो कुणाचाही वाटावा असा. वर लिहिलं होतं, 'स्वतः प्यायला, पण लेकराला नाही दिलं! काळीज असलेला नगराध्यक्ष.'

आणि गावाने ते गिळलं. मंडईत मी माझ्या कानांनी ऐकलं. "बघितलंस का? लेकराच्या तोंडातून काढून घेतलं. देवमाणूस." मेथीची जुडी निवडता निवडता एक बाई बोलत होती. हात मागे का गेला, पाण्यात काय होतं, ते पाणी तिच्याही घरात येतं की नाही, या कशाशीच तिला देणंघेणं नव्हतं. तिला काळीज पुरलं.

पुढचे दोन दिवस साहेब प्रचाराला फिरकले नाहीत. घसा बसला, असं सांगण्यात आलं. मग निवडून आले. चांगले दणकून. कुंदाताईंनीही त्यांनाच मत दिलं.

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, तो जगदाळे हॉटेलवाला. हा निदान डॉक्टर तरी आहे."

त्यांच्या मागे गॅसवर माझं मोठं पातेलं खदखदत होतं.

गुलाल धुतला गेला, आणि महिनाभराने दवाखान्याच्या दाराला पाटी लागली, 'अतिश्रमामुळे डॉक्टर विश्रांती घेत आहेत.' विश्रांती जिल्ह्याच्या हॉस्पिटलात चालली होती. त्यांच्यासाठी उसाचा रस कुठल्या गुऱ्हाळातून स्वच्छ काढून जातो, हेही गावाला माहीत होतं. पण कावीळ हा शब्द आंबेसरमध्ये कुणी उच्चारला नाही.

थंडीत रेवाला ताप आला. एक रात्र काढली, सकाळी गेले. कुठे जाणार होते दुसरीकडे?

डॉक्टर वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटी उभी राहिली होती. भिंतीवर पोस्टर नवं, त्यावर 'आभार'. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टॉर्च लावला.

"आ कर, राणी."

रेवाने ओठ मिटले. घट्ट, आत ओढून, आंघोळीला पहिला तांब्या डोक्यावर आला की मिटायची तसे.

"आ."

ती हलली नाही. गोळ्यांच्या बरणीकडेही तिने बघितलं नाही.

"रेवाची आई, सांगा ना तिला."

"तुम्हीच शिकवायला सांगितलंत, डॉक्टर."

"काय?"

"ओठ मिटायला."

कंपाउंडर दाराबाहेर गेला. शेवटी मीच तिची हनुवटी धरली आणि तोंड उघडलं, कारण अंग भाजत होतं तिचं, आणि घसा बघणं भाग होतं. त्यांनी बघितला. चिठ्ठी लिहिली. औषध किती, कधी, सगळं नीट सांगितलं, साध्या आवाजात. पाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, चला, एवढी तरी लाज आहे.

बाहेर बाकावर बसून मी रेवाला स्वेटर घालत होते. आमच्याही पुढे, हायवेला लागून जो नवा लेआउट पडला होता, तिथली एक मुलगी आत गेली. माझ्यापेक्षा लहान, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. पडदा पडला. आतून डॉक्टरांचं मोठ्याने हसणं आलं, त्यांचा कुठलातरी विनोद, मग त्या मुलीचंही हसणं.

आणि मग आवाज खाली गेला.